आतून उघडायचं दार

बेंगळुरू, नागरभावी
२० जुलै

चि. सिंचनास अम्माचे आशीर्वाद.

त्या सकाळी कावेरीचं पाणी उशिरा आलं. मी मोटर लावली, दारात सडा टाकून छोटीशी रांगोळी काढली, कॉफीचं डिकॉक्शन चढवलं, अज्जींचं अंग पुसून त्यांचं लुगडं बदललं, कांदा परतून उप्पिट्टू केलं. मग अप्पांच्या खोलीत जाऊन थोडं काम केलं, दार ओढून घेतलं आणि अज्जींना भरवायला बसले. ज्येष्ठातली कुठलीही सकाळ असावी तशी ती होती. तिच्याबद्दल पुढे लिहिते. सुरुवातीलाच लिहायचा धीर होत नाही.

तू बरी आहेस ना? ड्रेस्डेनला आता ऊन असेल. खिडकीतला कढीपत्ता जगला का? त्याला ताकाचं पाणी घाल, नुसतं पाणी नको. इकडे मी ठीक आहे. गुडघा बोलतो, पण चालतो. कोपऱ्यावरच्या वाचनालयात नवीन बाई आली आहे, तिला माझं नाव पाठ झालं आहे. अज्जींचं खाणं मधे अगदी कमी झालं होतं, आता थोडं सुधारलं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. अप्पांच्या हाताखालचा हालेश म्हणाला, "अक्का, ईमेल करा ना, लगेच पोचेल." मी म्हटलं, "लगेच पोचायला नकोच आहे. वाटेत तिचा राग थोडा निवू दे." पण तो राग प्रवासाने निवण्यातला नाही हे मला माहीत आहे. शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "अम्मा, तू अप्पांना दुसऱ्यांदा मारलंस." आणि ठेवून दिलास. मी फोन कानाला तसाच धरून उभी होते. अज्जींनी आतून विचारलं, "कुणाचा गं?" मी म्हटलं, "चुकून लागला."

तुला हालेशकडून जे कळलं ते खरं आहे. पण त्याने तुला फक्त शेवट सांगितला. तो तरी काय करील, बाकीचं त्यालाही नीट माहीत नाही.

ऑपरेशनच्या आधीचे आठवडे तुला आठवतात का? तू तिकडे होतीस, तरी व्हिडिओवर पाहिलं असशील. गळ्याचं ऑपरेशन झालं की आवाज जाणार हे डॉक्टरांनी सांगितल्यावर अप्पा रोज माझ्या साड्यांच्या कपाटात डोकं घालून वाचत बसायचे. साड्यांत आवाज घुमत नाही म्हणे. वर्तमानपत्र वाचायचे, गॅसवाल्याचं बिल वाचायचे, औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापलेलंसुद्धा वाचायचे. त्या वाचनावरून यंत्राने त्यांचा आवाज शिकून घेतला. ऑपरेशननंतर ते टॅबलेटच्या पाटीवर टाइप करायचे आणि खोलीतल्या स्पीकरमधून ते स्वतः बोलायचे. पहिल्यांदा बोलले ते, "अंबू, कॉफीत साखर नाही." मी रडले आणि साखर घेऊन गेले.

तो आवाज कुठे राहत होता हे तुला मी माझ्या शब्दांत सांगते. तू म्हणशील अम्माला यातलं काय कळतं. अप्पांनी भाषणांसाठी लिहिलेले कागद मी पेन्सिल घेऊन दोन-तीनदा वाचले आहेत, आणि जिथे अडलं तिथे ते असताना त्यांनाच विचारलं आहे. ते म्हणायचे, समज, मोठा कॉम्प्युटर म्हणजे एक घर आहे, त्यात खोल्या भाड्याने दिल्या आहेत. घर मालकाचं, भिंती मालकाच्या, पण भाडेकरू आत काय करतो ते मालकाला दिसता कामा नये. किल्ली एकट्या भाडेकरूकडे. हे काम त्यांच्या आधीच झालेलं होतं. पुढची अडचण अशी, की भाडेकरूने बाहेरून एखादा सोनार बोलावला, तर त्याची पेटी ओसरीवर ठेवावी लागायची, आणि ओसरी मालकाच्या नजरेत. सोनार म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवायचं ते कार्ड, जे अवघड काम झटपट करतं. अप्पांचं सगळं आयुष्य त्या पेटीत गेलं. सोनार तोच आहे ना याची खात्री करून त्याला आत घ्यायचा, त्याच्या पेटीलाही भाडेकरूचंच कुलूप घालायचं, आणि काम संपलं की आधी सोनाराचा हात थांबवायचा, मग पेटी पुसायची, मग किल्ली मोडायची, आणि त्यानंतरच खोली मालकाला परत. क्रम चुकला तर कुणाचं तरी गुपित दुसऱ्याच्या हाती लागतं, नाहीतर ती जागा कुणाचीच राहत नाही.

त्यांच्या गटात एक रीत होती. जो कुलूप बनवेल त्याने त्यात पहिल्यांदा आपली स्वतःची वस्तू ठेवायची. म्हणजे हलगर्जीपणा होत नाही. हालेशने स्वतःची पत्रिका ठेवली होती. म्हणायचा, हरवली तर लग्नाच्या कटकटीतून सुटलो. अप्पांनी आवाज ठेवला. तोही त्या कार्डाच्या पेटीत. आणि बाकीच्या सगळ्या प्रती, कपाटातलं ते वाचनसुद्धा, पुसून टाकलं. मी ओरडले त्यांच्यावर. त्यांनी टाइप केलं, "दुसरी प्रत असेल तर माझा हात ढिला पडेल."

असं वेडेपण त्या लोकांनाच सुचतं.

ज्येष्ठ लागता लागता हालेश घरी आला. अज्जींना डोळ्यांनी दिसत नाही, पण पावलांवरून कळतं.

"कोण, हालेशा? अजून लग्न नाही ना?"

"नाही अज्जी."

"मग मुली शहाण्या निघाल्या."

"पोरी तयार आहेत अज्जी. घरात तुमच्यासारखी सासू असली तर काय, अशी भीती घालतात त्यांचे आईबाप."

अज्जी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "माझा मुलगा, कंठा, आत दार लावून बसतो रे दिवसभर. तुम्ही लोक किती राबवता त्याला. घशाचं दुखणं आहे, जरा दमाने घ्या."

हालेशने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला खोलीत नेलं, दार लावलं, आणि तो खुर्चीवर न बसता जमिनीवरच बसला.

"अक्का, हे काय चाललंय?"

"तू ज्यासाठी आलास ते सांग."

त्याने सांगितलं. कंपनीची यंत्रं ठेवलेला तो हॉल रिकामा करायचा होता, जुनी यंत्रं काढून टाकणार होते. त्याने यंत्रातली अप्पांची खोली कुलपासकट नव्या यंत्रात हलवून पाहिली होती. सगळं व्यवस्थित आलं. मग त्याने 'नमस्कार' टाइप केला. काहीच झालं नाही.

"खोलीतल्या ट्रंका हलतात, अक्का. सोनाराची पेटी हलत नाही. कार्डातली जागा तिकडे कोरी आली. सर तेच लिहीत होते. अर्धं राहिलं."

"तू पुरं कर."

"वर्ष जाईल. हॉल महिनाअखेर बंद होतोय."

"बाहेरून काढून घेता येणार नाही?"

"येत असतं तर सरांची सगळी वर्षं फुकट गेली असती."

हे बोलताना त्याला अभिमान वाटत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, दोन्ही एकदम.

मग त्याने दुसरी वाट सांगितली. दार आतून उघडतं. खोलीचा धनी, म्हणजे तो भाडेकरू, आतून म्हणाला की ही जागा आता सगळ्यांची, तर पेटीचं कुलूप निघतं. तेवढ्यात हालेश प्रत काढून घेईल. आणि धनी म्हणून अप्पांनी स्वतःनंतर माझ्या बोटाचा ठसा ठेवला होता. हे मला त्या दिवशी कळलं.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे, अक्का."

मला माहीत होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अप्पा कपाटातून डोकं बाहेर काढून, केसाला साडीचा धागा लागलेला, म्हणाले होते, "अंबू, मी जे बोललो नाही ते माझ्यामागे माझ्या तोंडी कुणी घालू नये. तूसुद्धा नाही." मी म्हटलं, "जन्मभर तुम्ही माझं ऐकलं नाहीत, आता तुमच्या तोंडून मी कशाला बोलू?" ते हसले. त्यांचं खरं हसू मी ऐकलं ते शेवटचं.

कुलूप काढलं की तो आवाज कुणाच्याही हाती लागला असता, हालेशच्या, त्याच्यानंतरच्या माणसाच्या, आणखी कुणाच्या. मी हालेशला म्हटलं, विचार करून सांगते. त्यानंतर तुला फोन केला. तू एका क्षणात म्हणालीस, "उघड! त्यात विचार कसला? मी पोचले तेव्हा ते बोलायचे थांबले होते. मला काही मिळालं नाही, अम्मा. निदान तो माझ्या फोनमध्ये राहू दे."

मी तुला म्हटलं, अप्पांची इच्छा नव्हती. तुला वाटलं, अम्मा नियमावर बोट ठेवते आहे. मी तुला ते वाटू दिलं. कारण नियम मी आधीच मोडलेला होता.

आता लिहिते.

शिवरात्रीनंतर अप्पा गेले तेव्हा अज्जी स्वतः तापात होत्या. डॉक्टर म्हणाले, आत्ता सांगू नका, हृदयाला झेपणार नाही. सगळ्यांनी मिळून तेच ठरवलं, मठात जाऊन सगळं उरकलं. तू परत जाताना मी तुला सांगितलं, बऱ्या झाल्या की हळूहळू सांगते. तू माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या बघितल्यास आणि बॅग उचललीस. तुला काय वाटलं देव जाणे. मी त्या हौसेने ठेवल्या नव्हत्या. त्या अज्जींच्या कानांसाठी होत्या. त्यांना दिसत नाही, पण बांगड्यांचा आवाज थांबलेला त्यांना लगेच कळला असता.

ताप उतरला. त्या जेवेनात. "कंठा का बोलत नाही? घसा पुन्हा धरला का?" असं तीन वेळा विचारून तोंड मिटून घ्यायच्या. एका सकाळी मी खोलीत गेले, दार लावलं आणि पाटीवर टाइप केलं: अम्मा, नाश्ता कर. आतून अप्पा बोलले. बाहेर अज्जींनी तोंड उघडलं.

मग ते रोजचंच झालं. पाणी भरणं, रांगोळी, डिकॉक्शन, आणि ते. मी वर लिहिलं ना, 'थोडं काम केलं', ते हे काम.

आणि फक्त अज्जींसाठी केलं असतं तर मी आज इतकी अडखळले नसते, सिंचना. दुपारी त्या झोपल्या की मी माझ्यासाठीही टाइप करत असे. अग्रलेख टाइप करून त्यांच्याकडून वाचून घ्यायचे, ते मला वाचून दाखवत तसं. अख्खी दुपार जायची. मग एकदा मी फक्त 'अंबू' असं टाइप केलं. बोलले. पुन्हा टाइप केलं. पुन्हा बोलले. दहा वेळा केलं असेल. दर वेळी अगदी तसंच, केसाइतकाही फरक नाही. त्यांनी मला त्या नावाने किती हाका मारल्या असतील, त्यातल्या कुठल्याही दोन सारख्या नव्हत्या. चिडून मारायचे, चष्मा सापडेना म्हणून मारायचे, उगीच मारायचे. मी पाटी पालथी घातली. तरी दुसऱ्या दुपारी मी पुन्हा तिथेच जाऊन बसले.

आता ती सकाळ.

मी घास पुढे केला. अज्जींनी मान मागे घेतली.

"अंबुजा, आज उप्पिट्ट्यात कांदा?"

"हो अत्ते, का?"

"आज कुठला दिवस आहे?"

मी दिवस सांगितला. तोंडातून निघता निघताच मला कळलं. त्या दिवशी मामंजींची तिथी होती. इतक्या वर्षांत त्या दिवशी आपल्या घरात कांदा चिरला गेला नव्हता. अप्पा पहाटे न्हाऊन, ओल्या धोतराने, आईच्या पायाला हात लावून मगच सुरुवात करायचे. ताप असो, काही असो. अमेरिकेत होते त्या वर्षीसुद्धा विमान गाठून आले होते.

"कंठाला बोलाव," अज्जी म्हणाल्या.

मी उठले. काय सुचलं मला! खरं सांगायची वेळ तीच होती. मी खोलीत गेले आणि टाइप केलं: अम्मा, आज कामातून उठता येत नाही, या वर्षी राहू दे.

अप्पांच्या आवाजात ते वाक्य घरभर गेलं.

बाहेर आले तेव्हा अज्जी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. हाताने चाचपडत माझं मनगट शोधलं, घट्ट धरलं. बांगड्या वाजल्या.

"हा कंठा नव्हे. बापाच्या तिथीला 'राहू दे' म्हणणारा मुलगा मी जन्माला घातला नाही. तो गेला ना?"

मी दुसऱ्या हाताने ताट खाली ठेवलं.

"अंबुजा. गेला ना?"

"हो, अत्ते."

"कधी?"

"शिवरात्र झाल्यावर."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मोजून झाल्यावर जे म्हणाल्या, ते मी तुला जसंच्या तसं लिहिते. म्हणाल्या, "म्हणजे इतके महिने माझा मुलगा नव्हता आणि मी जेवत होते. हसत होते. तू मला रडूसुद्धा दिलं नाहीस गं."

मग त्या रडल्या. म्हाताऱ्या माणसाचं रडणं इतकं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं. शेजारची रुक्मिणी धावत आली. मी त्यांच्या पायाशी बसून होते. उप्पिट्टू ताटात वाळलं.

यंत्राचं सगळं मी त्यांना सांगितलं. दोन दिवस त्यांनी काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ते यंत्र माझं नाव घेतं, पण मी हाक मारली तर वळत नाही. ते ज्याचं होतं त्याच्याकडे जाऊ दे." मग थोड्या वेळाने लहान मुलासारखं विचारलं, "अगदीच बंद करावं लागेल का?" मी म्हटलं, "ठेवताही येईल, अत्ते. सिंचनालाही हवं आहे." त्यांनी डोळ्यांवरून पदर फिरवला. मग म्हणाल्या, "तिलाही रडायचंय अजून."

हे मी तुला फोनवर सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर पाटीवर माझी बोटं चालत होती हेही सांगावं लागलं असतं.

मी हालेशला कळवलं. तो तिकडे हॉलमध्ये होता, मी अप्पांच्या खोलीत, मधे फोन. अज्जींना खुर्चीत बसवून दाराशी आणलं होतं.

"अक्का, एकदा पुन्हा विचारतो. उघडूया. नंतर वाटलं तर पुसता येईल. पुसल्यावर मात्र काहीच करता येणार नाही."

"नको."

"मला सरांची शेवटची गोष्ट माझ्या हाताने पुसायला लावू नका हो."

"तुझ्या हाताने नाही. माझं बोट आहे."

"शेवटचं काही ऐकायचं का?"

मी अज्जींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको. मी पाटीवर 'अंबू' लिहिलं. मग एकेक अक्षर मागे घेतलं. यंत्राला ते कळलं नाही. बोट ठेवलं.

हालेश सांगत होता, सरांच्या क्रमाने. "कार्डाला थांबायला सांगितलं... थांबलं. आता पेटी पुसतंय..." मला त्याच्या नाकाचा आवाज येत होता. शेवटी म्हणाला, "पुसलं. किल्ली मोडली. जागा परत मिळाली, अक्का. कुठेही काही अडकून राहिलं नाही. एकदम स्वच्छ. सरांनी लिहिलं होतं तसंच झालं." आणि तो मोठ्याने रडला, एवढ्या माणसांत.

अप्पांचं काम बरोबर होतं. मी त्यांची बायको आहे, मला याचा आनंद व्हायला हवा होता.

सिंचना, तू म्हणालीस ते मी खोडून काढत नाही. कदाचित मी तसंच केलं असेन. तुझ्याजवळ त्यांचं काही राहिलं नाही, आणि ते राहू शकलं असतं. ते माझ्यामुळे राहिलं नाही. तू माझ्यावर हवी तितकी वर्षं राग धर. पण त्या रागाच्या आड तुझं रडणं थांबवून ठेवू नकोस. एका माणसाचं मी थांबवलं होतं, ते काय असतं ते मी पाहिलं आहे. अप्पांचा आवाज मलाही आता नीट आठवत नाही. कधी शब्द येतात, आवाज येत नाही. भांडी घासताना अचानक मागून आल्यासारखा वाटतो, आणि मी वळून पाहते. तेवढाच आहे. तो मात्र दर वेळी वेगळा असतो.

त्या दिवशी आणखी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बांगड्या काढल्या, अप्पांच्या खोलीचं दार उघडून त्याला वीट लावून ठेवली, रुक्मिणीच्या मदतीने अज्जींची खाट उचलून त्या खोलीत नेली, आणि तिच्याशेजारी माझी चटई टाकली.

तुझी आणि तुझ्या अप्पांची,
अंबुजा